पायऱ्यांचे गुण

बारावी विज्ञानाचा गणिताचा पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. छापलेले प्रश्न मात्र ११२ गुणांचे असतात. पहिल्या विभागातले आठ बहुपर्यायी आणि एकेका गुणाचे चार असे सगळे सोडवायचे. पुढे दोन गुणांच्या बारांपैकी आठ, तीन गुणांच्या बारांपैकी आठ, चार गुणांच्या आठांपैकी पाच. राहिलेले २० गुण प्रात्यक्षिकाचे, ते कॉलेज देतं. म्हणजे ज्याला शंभरपैकी शंभर हवेत, त्याला ३२ गुणांचे प्रश्न खुशाल सोडून देता येतात. जे निवडले त्यात मात्र अर्धा गुणही जाता कामा नये.

हा हिशेब गेलं वर्षभर आमच्या घरात चालू आहे. माझी बायको मुलुंडच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, बोर्डाचे पेपर तपासते. माझा धाकटा भाऊ बोरिवलीत क्लास घेतो, सीईटीचा आणि जेईई मेनचा. आमची लेक बारावीला आहे, आणि तिनं जूनमध्येच सांगून टाकलं की तिला बोर्डात गणितात पूर्ण मार्क हवेत. मला वाटलं होतं, कॉलेजातली बाई म्हणेल मार्कांच्या मागे लागू नकोस आणि क्लासवाला म्हणेल लाग. झालं उलटंच. खाली आहे ते बऱ्याच रविवारचं बोलणं एकत्र केलेलं आहे. दोघं एकमेकांना ज्या नावानं हाक मारतात, तीच नावं ठेवली आहेत.

भाऊजी : वहिनी, पोरीला शंभर हवेत याचा मला आनंदच आहे. पण कुठले शंभर? राज्यातल्या इंजिनिअरिंगला बारावीत पीसीएमला खुल्या गटात ४५ टक्के लागतात, राखीव गटात ४०. आयआयटीला खुल्या गटात ७५ टक्के, नाहीतर आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असायला हवं. तेवढं झालं की बोर्डाचं काम संपलं. त्यापुढच्या मार्कांसाठी ती जो वेळ घालवणार आहे, तो सीईटीला द्या.

वहिनी : म्हणजे त्या मार्कांवर सीट मिळत नाही, म्हणून ते मिळवायचे नाहीत?

भाऊजी : सीट मिळत नाही हे लहान कारण आहे का? सीईटीत गणित एकटं १०० गुणांचं, फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही मिळून १००. निम्मी परीक्षा गणिताची. ५० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला १०८ सेकंद. बोर्डात चार मार्कांच्या प्रश्नाला नऊ मिनिटं मिळतात. नऊ मिनिटांची सवय लागलेला हात १०८ सेकंदांत चालत नाही, हे मी दर वर्षी बघतो.

वहिनी : आणि १०८ सेकंदांची सवय लागलेलं डोकं नऊ मिनिटं एका जागी टिकत नाही, हे मी दर वर्षी बघते.

भाऊजी : उदाहरण घ्या. शून्य ते पाय बाय टू, वर साइन एक्स, खाली साइन एक्स अधिक कॉस एक्स. माझ्या बॅचमधला पोरगा प्रश्न पुरता वाचतही नाही. वरची मर्यादा वजा खालची, भागिले दोन. पाय बाय फोर. दहा सेकंदांत पुढचा प्रश्न.

वहिनी : वरची मर्यादा पाय बाय फोर केली तर?

भाऊजी : तर... ट्रिकनं पाय बाय एट येईल.

वहिनी : आणि खरं उत्तर पाय बाय एट वजा पाव लॉग टू. पेपर काढणारा पर्यायांत पाय बाय एट ठेवणारच. बोर्डात याच गणिताला मुलांना लिहावं लागतं की एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घातला, साइनचा कॉस झाला, छेद होता तसाच राहिला, दोन्ही आय मिळवले, वर-खाली सारखं झालं, म्हणून टू आय बरोबर पाय बाय टू. चार ओळी. ज्यानं त्या लिहिल्या त्याला कळतं की छेद तसाच राहिला म्हणून हे जमलं. मर्यादा बदलली की छेद बदलतो आणि ट्रिक संपते.

भाऊजी : ट्रिक म्हणजे काय चोरी आहे का? ते सिद्ध झालेलं प्रमेयच आहे. मी शिकवताना आधी सिद्ध करतो, मग वापरायला देतो. दर वेळी नव्यानं सिद्ध करायचं म्हटलं तर पाढेसुद्धा रोज सिद्ध करावे लागतील. आणि बोर्डाचं काय सांगता? पाठ्यपुस्तकातलंच गणित आकडे बदलून येतं. पोरं प्रमेयं घोकतात आणि उतरवतात.

वहिनी : घोकतात. मला ते पेपरात दिसतं. घोकलेली सिद्धता लगेच ओळखू येते. मधली एक ओळ गळलेली असते आणि पुढची ओळ तरीही बरोबर असते. समजून लिहिणाऱ्याची एक ओळ चुकली की पुढचं सगळं त्या चुकीप्रमाणे चुकत जातं, आणि तरीही मी त्याला पद्धतीचे मार्क देते. उत्तर चुकलेलं असूनसुद्धा तीनपैकी दोन. तुमच्या सीईटीत त्याला काय मिळतं?

भाऊजी : शून्य.

वहिनी : आणि ज्यानं डोळे मिटून बी वर क्लिक केलं त्याला?

भाऊजी : दोन. निगेटिव्ह नाही म्हटल्यावर कुणी प्रश्न सोडत नाही.

इथे माझं मत सांगतो. पूर्ण मार्क हे घोकंपट्टीचं फळ असतं असं मी इतकी वर्षं मानत आलो होतो. बायकोनं नमुना उत्तरं समोर ठेवून मार्क कुठे जातात ते दाखवलं, तेव्हा ते मत टिकलं नाही. अनिश्चित संकलनाच्या शेवटी अधिक सी राहून गेला. महत्तम मूल्य काढलं, पण दुसरं विकलज ऋण आहे हे तपासलंच नाही. म्हणजे आपण शिखरावर आहोत की तळाला, हे मुलानं स्वतःलाच विचारलं नाही. रेषीय नियोजनाचा आलेख काढला आणि व्यवहार्य प्रदेश छायांकित केला नाही. द्विपद वितरणात एक्स म्हणजे काय मोजतोय ते न सांगता थेट सूत्र मांडलं. या सगळ्यांत उत्तराचा आकडा बरोबरच येतो. शेवटचे चार-पाच मार्क जातात ते या न बोललेल्या वाक्यांत. आणि ती वाक्यं म्हणजेच गणित आहे. दुसऱ्या माणसाला पटेल असं लिहिणं सतरा वर्षांच्या मुलीला जमत असेल, तर त्यासाठी तिनं जीव टाकला तरी मला चालेल.

भाऊजी : दादा, तू तिची बाजू घेणारच. पण माझ्या बॅचमधला भांडुपचा मुलगा बघ. बाप सिक्युरिटीत, दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत आदळलं. त्याला व्हीजेटीआय मिळालं किंवा अंधेरीचं सरदार पटेल मिळालं, तर घर बदलतं. तिथल्या कॉम्प्युटरच्या सीटा ९९ च्या पुढच्या दशांशांवर ठरतात. त्याला मी सांगू का, अधिक सी लिही, शिखर की तळ तपास? मी त्याला १०८ सेकंद शिकवतो. ते पाप आहे का?

वहिनी : नाही. त्या मुलाला तुम्ही जे देता ते माझ्या कॉलेजला देता येत नाही, हे मला मान्य आहे. आमच्या वर्गात ऐंशी मुलं नावाला असतात आणि दिवाळीनंतर पंधरा.

भाऊजी : इंटिग्रेटेड.

वहिनी : इंटिग्रेटेड. नाव कॉलेजात, मूल क्लासमध्ये, हजेरी कागदावर. सरकारनं २०१८ मध्ये विज्ञानाच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याचसाठी. आणि प्रात्यक्षिकाचे २० पैकी २० मात्र सगळ्यांना. त्या वीस मार्कांचा मला राग येतो. जी मुलगी वर्षभर वही पूर्ण करते तिच्या विसाची किंमत त्यानं शून्य होते.

या मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं, म्हणून पुढे जातो.

भांडण खरं पेटलं ते पर्सेंटाइलवरून. सीईटी अनेक दिवस, अनेक सत्रांत होते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. म्हणून कच्चे गुण बाजूला ठेवून त्या सत्रातले किती टक्के विद्यार्थी तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे आहेत, तो आकडा देतात. सत्रात जो पहिला त्याचा १००. त्याला २०० पैकी २०० नसले तरी.

वहिनी : बोर्डात आमच्या कॉलेजातल्या तिघींना शंभर मिळाले तर तिघींना मिळतात. एकीचा मार्क दुसरीच्या ताटातून जात नाही. पर्सेंटाइलमध्ये माझी मुलगी वर जायची तर कुणीतरी खाली जायलाच हवं. वर्षभर तिनं शेजारच्या बाकावरच्या मुलीकडे तसं बघायचं?

भाऊजी : सीटा मोजक्या आहेत, वहिनी. मोजक्या वस्तूला रांग लागणारच. रांग लावताना तुमच्या बोर्डाचे मार्क घेतले, तर वरच्या टोकाला इतकी गर्दी होईल की कुणाला घ्यायचं तेच कळणार नाही. परीक्षा अवघड हवी, माणसं वेगळी करणारी हवी.

वहिनी : वेगळी करणारी, की वेगळी केल्यासारखं दाखवणारी? २०२५ साली २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकीचे निघाले. सत्तावीस हजारांहून जास्त मुलांसाठी ५ मे रोजी पुन्हा परीक्षा ठेवली. ज्या मुलानं पर्यायांकडे बघून विचार करायची सवय लावून घेतली, त्याचं त्या सकाळी काय झालं असेल? बरोबर उत्तर त्याच्या हातात होतं आणि समोर चारही चूक.

भाऊजी : ती चूक परीक्षेची. पद्धतीची नाही.

वहिनी : पद्धतीचीच. बोर्डात प्रश्न चुकला तर मुलानं काय लिहिलंय ते वाचून मी ठरवू शकते. तिथे वाचायला काही शिल्लकच नसतं.

भावाकडे याला उत्तर नव्हतं असं नाही. लाखो मुलांचे पेपर हातानं तपासायचे तर तपासनीस किती लागतील, आणि एकाच उत्तराला मुलुंडमध्ये चार आणि मालेगावात तीन मिळतात त्याचं काय, असं तो म्हणाला. हे बायकोही नाकारत नाही. तपासणीच्या दिवसांत ती गठ्ठ्यांमागून गठ्ठे उरकते आणि शेवटच्या गठ्ठ्याला पहिल्याइतका न्याय मिळाला का, या विचारानं तिला झोप येत नाही.

मग भावानं रँग्लर परांजप्यांना मधे आणलं. मराठी घरात गणितातल्या पहिल्या नंबराची गोष्ट निघाली की ते येतातच. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा, १८९९ साली केंब्रिजच्या मॅथमॅटिकल ट्रायपॉसमध्ये पहिला आला. सीनिअर रँग्लर झालेला पहिला भारतीय.

भाऊजी : ते काय फक्त समजून घेऊन झालं? तेव्हाही केंब्रिजमध्ये खासगी कोच होते. एडवर्ड राउथ नावाच्या कोचचे दोन डझनांहून जास्त विद्यार्थी पहिले आलेत. घड्याळ लावून, जुने पेपर सोडवून. क्लास बोरिवलीत जन्मले नाहीत, वहिनी. आणि त्या पहिल्या नंबरानं एका कोकणी मुलाला गोऱ्या लोकांच्या बरोबरीनं उभं केलं. क्रमांकात ती ताकद असते.

वहिनी : असते. १८९० मध्ये फिलिपा फॉसेटला त्याच परीक्षेत सीनिअर रँग्लरपेक्षाही जास्त गुण मिळाले. बाई म्हणून यादीत नंबर नाही, पदवीही नाही. नुसतं जाहीर केलं की ती पहिल्याच्या वर आहे. त्या एका वाक्यानं किती तोंडं बंद झाली असतील! मी ते कमी लेखत नाही. पण पुढचंही सांगा. ती क्रमवारीची यादी केंब्रिजनं स्वतःच बंद केली. १९०९ ची शेवटची. बंद करा म्हणणाऱ्यांत जी. एच. हार्डी होते, आणि ते स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर. हरलेल्यानं परीक्षेला नावं ठेवली, असं त्यांच्याबद्दल म्हणता येत नाही. घड्याळाशी शर्यत लावून गणित करायला शिकलेली माणसं पुढे गणितात नवं काही करत नाहीत, ही त्यांची तक्रार होती.

भाऊजी : परांजप्यांनी फर्ग्युसन उभं केलं. ते कमी आहे?

वहिनी : फार मोठं आहे. त्यांनी पिढ्या शिकवल्या, आणि त्यांच्या नावाचं एक गणिताचं पारितोषिकही फर्ग्युसनमध्ये होतं. १९२७ मध्ये ते कुणाला मिळालं ठाऊक आहे? द. रा. कापरेकरांना.

कापरेकर डहाणूचे, शाळा ठाण्याची, म्हणजे मुलुंडच्या पुढच्याच स्टेशनातली. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. १९२९ ची. त्यापुढची पदवी नाही. देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत मास्तरकी केली आणि फावल्या वेळात आकड्यांशी खेळत राहिले. कोणताही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमानं लिहिलेले वजा करा, आलेल्या आकड्याचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतो आणि मग तिथून हलत नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला या मास्तरांचं नाव कळलं.

लेक इतका वेळ ऐकत होती. तिनं परांजप्यांचं वर्षच घेतलं, १८९९. नऊ हजार नऊशे एक्क्याऐंशीतून १८९९ गेले, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८. तिसऱ्या फेरीला ६१७४. “काका, रँग्लरचं वर्ष कापरेकरांपाशी येऊन थांबलं,” ती म्हणाली. आणि लगेच विचारलं, “पण सगळे आकडे इथेच का येतात?” याचा मार्क कुठल्याच परीक्षेत नाही. दोघांनीही सीईटी आणि बोर्ड बाजूला ठेवून तिच्याशी पुढचा तासभर वाद घातला. त्या तासात मला या घरात राहतो याचा अभिमान वाटला, हे लिहायला संकोच कशाला?

मला वाटतं, अव्वल येण्याची इच्छा आणि गणिताची ओढ यांच्यात वैर आहे हे आपण उगाच गृहीत धरतो. जयंत नारळीकर शाळेत असताना बनारसच्या घरी त्यांचे मोरूमामा, मोरेश्वर हुजूरबाजार, राहायला होते. ते घरातल्या फळ्यावर एखादं गणित लिहून ठेवत, भाच्यासाठी आव्हान म्हणून. सुटेपर्यंत ते फळ्यावर राही. वेळ लावलेली नाही, मार्क नाहीत. तोच भाचा पुढे केंब्रिजला जाऊन रँग्लर झाला. वाट पाहणारा फळा आणि घड्याळाची परीक्षा, दोन्ही एकाच मुलाला पचले. वैर आहे ते वेळेशी. आमची लेक सकाळी मुलुंडहून लोकलनं घाटकोपरला उतरते, तिथून मेट्रोनं अंधेरीला टेस्ट सिरीजला जाते, संध्याकाळी तशीच परत. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो एकवीस मिनिटांत जाते, पण घाटकोपरच्या जिन्यावरच्या गर्दीचा वेळ त्यात कोण धरतो? त्या डब्यात निम्म्या पाठींवर क्लासची दप्तरं असतात. फळ्यावरच्या गणितापाशी ही मुलं उभी राहणार कधी? हे मी भावाला विचारलं, कारण दिवसातले तास त्याच्या धंद्याकडे आहेत.

भाऊजी : मान्य. अंधेरी बंद करा. टेस्ट मी बोरिवलीहून फोनवर पाठवतो, घरी घड्याळ लावून सोडवेल. पण बोर्ड संपलं की सीईटीपर्यंतचे सगळे दिवस माझे. तेव्हा तुम्ही पायऱ्यांचं नाव काढायचं नाही.

वहिनी : नाही काढणार. मात्र फेब्रुवारीपर्यंत दर रविवारी ८० मार्कांचा एक पेपर, हातानं, तीन तास. आणि तो मी तपासणार नाही. आईनं तपासलेल्या पेपरला अर्थ नाही. तुम्ही तपासा.

भाऊजी : मी? वहिनी, मला पायऱ्यांचे मार्क देऊन किती वर्षं झाली!

वहिनी : नमुना उत्तरं देते. आणि शेवटी फळ्यावर एक गणित लिहून जायचं, मोरूमामांसारखं. ते पुढच्या रविवारपर्यंत.

पहिला पेपर त्यानं आमच्याच हॉलमध्ये बसून तपासला, लाल पेन घेऊन, नेहमीच्या वेगाच्या चौपट वेळ लावून. ऐंशीपैकी साडेचौऱ्याहत्तर दिले. एका संकलनात अधिक सी नव्हता आणि त्यानं मार्क कापला नव्हता. बायकोनं पान उलटून त्यावर बोट ठेवलं.

भाऊजी : अहो, उत्तर बरोबर आहे. चारही ओळी नीट आहेत.

वहिनी : एकच फलन लिहिलंय तिनं. असंख्य आहेत. अर्धा कापा.

भाऊजी : तुम्ही बोर्डात खरंच कापता?

वहिनी : कापते. आणि कापताना दर वेळी वाईट वाटतं.

त्यानं लेकीकडे पाहिलं. तीच म्हणाली, “कापा काका, मला चौऱ्याहत्तरपासून मोजायचंय.”